वारेवरच्या खुणा, आईवरचा ठपका

पूर्वी ओठ फाटलेलं मूल जन्मलं की आईला विचारत, ‘ग्रहणात काय चिरलं होतंस?’ आता बाळ आठव्या महिन्यात आलं, पेटीत ठेवावं लागलं, की विचारतात, ‘पहिल्या तीन महिन्यांत काय खात होतीस?’ विचारणाऱ्या आत्याबाई त्याच, पिंजऱ्यात उभी केलेलीही तीच. कलम तेवढं नवं लागलंय. त्याचं नाव एपिजेनेटिक्स.

गर्भसंस्काराच्या शिबिरांत, महागड्या आहारयोजनांच्या पत्रकांत, आरोग्य पुरवण्यांत आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या चित्रफितींत हा युक्तिवाद गेली काही वर्षं ऐकू येतो. तो थोडक्यात असा: आई जे खाते त्याच्या खुणा वारेतल्या जनुकांवर उमटतात. आहार चुकला की खुणा चुकतात, खुणा चुकल्या की वार नीट काम करत नाही आणि बाळ दिवस भरण्याआधी जन्माला येतं. विज्ञानाने हे सिद्ध केलं आहे. सबब, आमचा आहार घ्या.

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसरं एक शक्यता आहे, आणि तिच्यावर गंभीर माणसं काम करताहेत. ‘सिद्ध केलं आहे’ हे मात्र खोटं आहे. हे खोटं वरवर निरुपद्रवी वाटतं, म्हणून त्याचा समाचार जरा विस्ताराने घ्यायला हवा.

आधी खरं काय ते पाहू. जनुकांची अक्षरं न बदलता ती कुठल्या पेशीत, कधी आणि किती वाचली जावीत हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा असतात. त्यातली सर्वाधिक अभ्यासलेली खूण म्हणजे डीएनएला चिकटणारा मिथाइल गट. हे गट पुरवायला आणि फिरवायला लागणारी सत्त्वं शरीराला अन्नातून मिळतात: पालेभाज्यांतलं फोलेट, दूध-अंडी-मासे-मटणातलं बी-१२, अंड्याच्या बलकातलं कोलीन, प्रथिनांतलं मेथिओनिन. २००३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी केसांचा रंग ठरवणाऱ्या अगूती जनुकाच्या गाभण उंदरिणींना अशी सत्त्वं जादा चारली, तेव्हा पिवळ्या पिल्लांचं प्रमाण घटून तपकिरी पिल्लांचं वाढलं. जनुक तेच, खूण वेगळी. प्रयोग देखणा होता, आणि तो पिवळा जाडा उंदीर आणि तो तपकिरी सडपातळ उंदीर यांचा जोडफोटो तेव्हापासून भाषणांत फिरतोच आहे. त्या प्रयोगाचा विषय पिल्लांच्या केसांचा रंग होता. ती किती दिवसांनी जन्मली, हा नव्हता.

दुसरा हुकमी दाखला हॉलंडचा. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा रोखला आणि शहरांतलं माणशी रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या उपासमारीत गर्भात असलेली मुलं साठीच्या आसपास पोचल्यावर बास्टियान हाइमन्स आणि सहकाऱ्यांनी त्यांचं रक्त तपासलं. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्यात सख्ख्या भावंडांपेक्षा थोड्या कमी होत्या. इथवर सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. हा फरक गर्भधारणेच्या सुमाराला उपासमार सोसलेल्यांत सापडला, आणि त्यांचं जन्मवजन तर साधारणच होतं. उपासमारीत शेवटचे महिने काढलेल्या बाळांचं जन्मवजन घटलं होतं, पण त्यांच्यात ही खूण बदललेली दिसली नाही. म्हणजे जिथे खूण होती तिथे बाळ लहान नव्हतं, आणि बाळ लहान होतं तिथे ही खूण नव्हती. शिवाय तपासलं ते म्हाताऱ्या माणसांचं रक्त. त्यांच्या वारा तर १९४५ सालीच पुरल्या किंवा जाळल्या गेल्या होत्या.

आता प्रत्यक्ष वारेकडे येऊ.

बाळ बाहेर आल्यावर साधारण अर्ध्या तासाच्या आत वार पडते. वजन अर्धा किलोच्या आगेमागे. बाळाकडची बाजू गुळगुळीत, निळसर, तिच्यावरून नाळेच्या शिरा चहूकडे पसरलेल्या. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस खंडांत विभागलेली. सिस्टर ती ट्रेमध्ये पालथी करून खंड पुरते आहेत ना ते बघतात, कारण एखादा आत राहिला तर रक्त थांबत नाही. मग ती जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. संशोधकाला ती हवी असेल तर त्याने पिशवीच्या आधी, म्हणजे रात्री तीन वाजता असलं तरी, तिथे हजर असावं लागतं. तुकडा कापायचा, रक्त धुवायचं, द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. तुकडा नाळेजवळचा की कडेचा, वार किती वेळ ट्रेमध्ये पडून होती, त्यात आईच्या पेशी किती मिसळल्या, कळा येऊन बाळंतपण झालं की सिझेरियन, या प्रत्येक गोष्टीने मोजमाप हलतं. वार हा एकजिनसी अवयव नाही. तिच्यात अनेक जातींच्या पेशी असतात आणि प्रत्येक जातीच्या खुणा वेगळ्या. दोन वारांत खुणांचा फरक दिसला, तर पेशींमधल्या खुणा बदलल्या की पेशींचं प्रमाणच वेगळं होतं, हे आधी सोडवावं लागतं. यासाठी गणिती पद्धती आहेत, आणि चांगले संशोधक त्या वापरतातही.

पण मोठी अडचण याहून साधी आहे. दिवस भरण्याआधी झालेल्या बाळंतपणाची वार तेहतिसाव्या आठवड्याची असते आणि तुलनेला घेतलेली वार एकोणचाळिसाव्या आठवड्याची. मधल्या सहा आठवड्यांत वार बदलत असते. हे पुण्यातच दाखवलं गेलंय: भारती विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या कामात मानवी वारेतलं एकूण मिथाइलचं प्रमाण गर्भारपणाच्या आठवड्यांनुसार बदलतं, असं आढळलं. मग लवकर आलेल्या वारेवरच्या खुणा वेगळ्या निघाल्या, यात नवल ते काय? वाऱ्याने पडलेली कैरी हिरवी असते. हिरवी होती म्हणून पडली, असं कोणी म्हणत नाही. आणि हा फरक पाहायला वार हाती येते तीच मुळी बाळंतपण झाल्यावर. ज्या गर्भारपणात सगळं सुरळीत चाललंय त्यातली तेहतिसाव्या आठवड्याची वार तुलनेसाठी मिळणार कुठून? ती आपलं काम करत पोटात असते.

भारती विद्यापीठातल्या याच गटाने, साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या मातांमध्ये होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढलेलं आणि डीएचए हे स्निग्धाम्ल घटलेलं असल्याचं नोंदवलं आहे. फोलेट, बी-१२ आणि डीएचए यांची मिथाइलच्या चक्रात सांगड कशी असेल, याचा त्यांनी मांडलेला तर्क विचार करण्याजोगा आहे. माझा वाद त्यांच्याशी नाही. ते ‘संबंध आढळतो’ असं लिहितात. त्या वाक्याचं व्यासपीठावर ‘यामुळेच होतं’ जे करतात, त्यांच्याशी आहे.

यापुढची गफलत कळायला तर प्रयोगशाळेपर्यंत जायचीही गरज नाही. लहान बाळ आणि लवकर आलेलं बाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळीस आठवड्यांनी जन्मलेलं दोन किलो दोनशेचं बाळ खुरटलेलं आहे; चौतिसाव्या आठवड्यात तेवढ्याच वजनाचं बाळ त्याच्या वयाला अगदी बरोबर आहे, फक्त घाईने आलंय. आईच्या आहाराबद्दल आपल्याकडचे भक्कम पुरावे प्रामुख्याने पहिल्या प्रकाराबद्दलचे आहेत, म्हणजे वाढीबद्दलचे. शिबिरात ते दुसऱ्या प्रकाराच्या खात्यावर जमा केले जातात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेला अभ्यास जगभर वाचला गेला. गर्भ राहण्याआधी त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं आणि बाळं सरासरी २.७ किलोची. ती इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती, स्नायू कमी होते. याच अभ्यासात शोभा राव आणि इतरांनी दाखवलं की बाळाच्या आकाराचा संबंध आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी फारसा नव्हता. पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा पोटात गेलं याच्याशी होता. आणि शेतात-घरात ती किती राबली, याच्याशीही. हा शेवटचा मुद्दा पत्रकात कधी पाहिलाय? पालेभाजीचं चित्र छापता येतं. पाण्याच्या हंड्याचं आणि खुरपणीचं काय छापणार, ‘राबू नका’ हे विकायचं कोणाला!

नुसतं निरीक्षण नको, प्रत्यक्ष खाऊ घालून पाहू, असं म्हणणारेही महाराष्ट्रातच निघाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार, कॅरोलिन फॉल आणि सहकाऱ्यांनी ‘सरस’ नावाने ओळखला जाणारा प्रयोग केला. काही स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, तर काहींना बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाजीचा. २०१४ साली निकाल आला. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात भरवशाने सांगता येईल असा फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ खाल्लेल्यांत साधारण ५० ग्रॅमची वाढ दिसली, तीही मुख्यतः अंगाने बऱ्या असलेल्या बायकांच्या बाळांत. जी सर्वांत कृश होती तिच्या बाळाचं वजन वाढलं नाही. दुसरीकडे गर्भारपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आलं, जो या प्रयोगाचा मोठा लाभ म्हणायला हवा. हे मी आहाराच्या विरोधात सांगत नाहीये. लहानपणापासून अर्धपोटी राहिलेल्या शरीराची भरपाई नऊ महिन्यांच्या खाऊने होत नाही, एवढंच यातून निघतं. मग तीन महिन्यांच्या ‘कोर्स’ने ती होईल, हे कोणत्या तोंडाने सांगता?

दिवस पुरे भरण्यासाठी काही सत्त्वांचा उपयोग होतो का, याचेही प्रयोग झाले आहेत, आणि ते तितकेच जमिनीवर आणणारे आहेत. ओमेगा-३ स्निग्धाम्लांवरच्या ७० प्रयोगांचा ‘कोक्रेन’ या संस्थेचा २०१८ सालचा आढावा म्हणतो की ३७ आठवड्यांआधीचे जन्म १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर आले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या साडेपाच हजार स्त्रियांवरच्या मोठ्या प्रयोगात ३४ आठवड्यांआधीच्या जन्मांत घट दिसली नाही. कॅल्शियम कमी पडणाऱ्या स्त्रियांना ते दिलं तर गर्भारपणातल्या रक्तदाबाच्या विकाराचा धोका घटतो, आणि त्या विकारामुळे बाळ वेळेआधी बाहेर काढावं लागणंही काही अंशी टळतं. २०२४ साली बेंगळुरूत ११ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला ५०० मिलिग्रॅमची गोळी १५०० मिलिग्रॅमच्या तोडीस तोड ठरली. स्वस्त आणि साधी गोळी. तिचा गुण सिद्ध करायला वारेवरच्या खुणा मोजाव्या लागल्या नाहीत.

मुळात अपुऱ्या दिवसांचा जन्म हा एक रोग नाहीच. एकीला गर्भपिशवीत जंतुसंसर्ग होऊन कळा येतात. दुसरीच्या गर्भाशयाचं तोंड आखूड असतं. तिसरीला जुळं असतं, चौथीचा रक्तदाब एवढा चढतो की डॉक्टरच बाळ काढायचं ठरवतात. पाचवीचं आधीचं मूल अजून वर्षाचंही नसतं. २०२० साली जगात अशी १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाख भारतात, म्हणजे कुठल्याही देशापेक्षा जास्त. या तीस लाखांचं एकच कारण ताटात शोधणाऱ्याला एकतर मोजता येत नाही, किंवा काहीतरी विकायचं आहे.

ताटाबाहेरचं एक कारण मात्र आपल्या अगदी दाराशी आहे, आणि त्याबद्दल या मंडळींकडून मी अवाक्षर ऐकलेलं नाही. मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, सकाळी बोटाने दातांना घासायची, आणि मग भूक मारायला दुपारीही घासायची. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत १२१७ गर्भवतींचा अभ्यास केला, तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. सतरा टक्के बायका धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, बहुतेक मिश्रीच. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सरासरी सहा दिवस लवकर आली. बत्तीस आठवड्यांआधी बाळंत होण्याचा धोका तर त्यांच्यात जवळजवळ पाचपट होता. वारेच्या खुणांवरच्या कुठल्याही कामातून एवढा ठसठशीत आकडा अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. पण मिश्री लावणारी बाई शिबिराचं शुल्क भरू शकत नाही, त्यामुळे तिचा प्रश्न पडद्यावर येत नाही.

तसंच ऊसतोडीचं. बीडहून ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ‘कोयता’, निघते ती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन निघते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. सहाव्या-सातव्या महिन्यातली बाई पहाटे चारला उठून भाकऱ्या थापते, दिवसभर फडात वाकून तोड करते, संध्याकाळी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. राहायच्या कोपीला पाणी नाही, संडास नाही. लघवी तुंबवून ठेवायची सवय, त्यातून संसर्ग. आणि लघवीच्या मार्गाचा संसर्ग हे वेळेआधी कळा येण्याचं पाठ्यपुस्तकातलं कारण आहे. २०१९ साली याच जिल्ह्यातल्या तरुण ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया देशभर गाजल्या होत्या. फडातल्या या गर्भार बाईला ‘फोलेटयुक्त आहार घ्या’ म्हणणारा माणूस तिच्याशी बोलतच नसतो. तो तिच्या मुकादमाची आणि कारखान्याची सोय पाहत असतो, त्याला स्वतःला कळो वा न कळो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे पाहा. देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी, महाराष्ट्रात ४६ टक्क्यांच्या आसपास. लोहाच्या गोळ्या शंभर दिवस घेतलेल्या माता देशात ४४ टक्के. गोळीने मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, शौचाला काळं होतं, हे आशाताईंना पाठ असतं. दुसरी सोसेल अशी गोळी त्यांच्या पिशवीत नसते. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या दर पाच बायकांत एकीहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. शरीराची वाढ पुरी होण्याआधी पहिलं गर्भारपण, आणि वर्षाच्या आत दुसरं. यात आईचा ‘आहारविषयक निर्णय’ नेमका कुठे येतो? किती पोरींना लग्नाची तारीख विचारली गेली होती?

आता हमखास येणारा आक्षेप. ‘असेल थोडी अतिशयोक्ती, पण त्या निमित्ताने बाई चांगलं खाते ना? नुकसान काय झालं?’

नुकसान तीन ठिकाणी दिसतं. एक तर ज्या बाळाला पेटीत ठेवलंय त्याची आई आधीच अर्धी झालेली असते. दूध उतरायला हवं, बाळाला छातीशी उघड्या अंगाने तासन्‌तास धरायला हवं. तेव्हा तिच्या कानात ‘तूच काहीतरी चुकवलंस’ असं सोडणं हे उपचाराच्या मुळावर येतं. आणि सासरी त्या वाक्याला आता डॉक्टरी शिक्का असतो. दुसरं, पैसा. महिन्याला काही हजारांची पावडर घेणाऱ्या घरात सोनोग्राफीची पहिली तारीख मात्र हुकवलेली मी पाहिली आहे. पहिल्या तिमाहीत तारीख पक्की झाली नाही, तर पुढे बाळ लवकर आलं की लहान राहिलं, हेच कळत नाही. तिसरं नुकसान सर्वांत विनोदी आहे. ज्या मिथाइलच्या चक्राचा हवाला द्यायचा, त्याला बी-१२ लागतं, आणि ते मिळतं प्राणिज अन्नातून. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत साठ टक्क्यांहून अधिक गर्भवतींना बी-१२ कमी होतं, फोलेटची कमतरता मात्र विरळ होती. आणि ज्या मुलांच्या आयांत फोलेट जास्त व बी-१२ कमी होतं, ती सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. असं असताना ‘सात्त्विक’ म्हणून अंडं आणि मासे बंद करायचे आणि वर फोलेटचा मारा करायचा, हा त्यांच्याच शास्त्राचा उलटा पाढा झाला. आदिवासी भागात सरकारची अमृत आहार योजना गर्भवतीला एक वेळचं गरम जेवण देते आणि त्यात अंड्याचीही सोय आहे. त्या स्वयंपाकघराला पैसे वेळेवर मिळतात का, याची चौकशी केलीत तर एपिजेनेटिक्सची जास्त सेवा होईल.

‘पण हे मोठे शास्त्रज्ञही म्हणतात’ हा शेवटचा बुरूज. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते ऐका. २०१४ साली हार्वर्डच्या सारा रिचर्डसन आणि सहलेखकांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की या क्षेत्रातल्या निष्कर्षांचा अतिरेकी अर्थ लावून आयांना दोष देणं थांबवा, बाप, समाज, परिस्थिती यांच्याकडे बघा. बापाचा मुद्दा तर शिबिरात विषयपत्रिकेवरच नसतो. तो घरात विडी ओढतो, पगारातलं किती घरी देतो, ताटात पहिलं कोणाला वाढलं जातं, याला कोणी ‘संस्कार’ म्हणत नाही.

वारेचा अभ्यास थांबवा असं मी म्हणत नाही; वाढवावा, आणि आपल्याच इस्पितळांत वाढवावा. दाव्याला पुरावा कसा लागेल, हेही सांगून ठेवतो. गर्भ राहण्याआधी चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे दोन गट करा. एकाला तुमचा आहार, दुसऱ्याला नेहमीचा. दिवस सोनोग्राफीने मोजा, शेवटच्या पाळीच्या आठवणीने नव्हे. मिश्री, काम, संसर्ग, रक्तदाब सगळं नोंदवा. वारेचे तुकडे ठरलेल्या जागेवरून घ्या, पेशींचं प्रमाण तपासा, आठवड्यांचा हिशेब वजा करा. तुमच्या गटात अपुऱ्या दिवसांचे जन्म कमी झाले, आणि ते त्या खुणांच्याच वाटेने कमी झाले असं दिसलं, तर मी हा लेख मागे घेईन. तोवर पत्रकावरून ‘सिद्ध झाले आहे’ हे तीन शब्द काढा, आणि त्या जागी तंबाखूबद्दल एक ओळ छापा.